केसरबाईंची तीन मिनिटं

नागोरावकाका गेल्याचं शिवानीला दोन दिवसांनी कळलं. विमा कंपनीच्या ऑफिसात ती आलेल्या टपालावर शिक्के मारत होती, तेवढ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला.

"मंगळवारीच झालं सगळं. गडबडीत तुम्हाला सांगायचं राहून गेलं," सून म्हणाली. मग म्हणाली, "रविवारी वाट बघत होते तुमची. दाढी करून बसले होते."

शिवानीनं शिक्का खाली ठेवला. त्या रविवारी ती गेली नव्हती. एका कंपनीच्या समाजकार्य निधीसाठी अर्ज भरायची ती शेवटची तारीख होती. 'लाभार्थींच्या जीवनमानात होणारी मोजता येण्याजोगी सुधारणा' या रकान्यात काय लिहायचं, यातच तिचा सबंध दिवस गेला होता.

नागोराव अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. रेल्वेत गँगमन होते. परभणीकडून आलेल्या पहिल्या नऊ घरांनी हैदराबादच्या अंबरपेठेत पाय कसा रोवला, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता तेवढंच उरलं होतं. दोन रविवार ते बोलले आणि शिवानीनं ते फोनमध्ये भरून घेतलं. दुसऱ्या रविवारी मुसी नदीचं पाणी वस्तीत शिरलं तिथपर्यंत आले, आणि सुनेनं चहा आणला. "बाकीचं पुढच्या खेपेला," असं म्हणून त्यांनी कप हातात घेतला होता. शिवानीच्या फोनमध्ये त्यांचं आयुष्य तिथंच थांबलेलं होतं, सगळे गळ्याएवढ्या पाण्यात.

दोन वर्षांपासून ती हे करत होती. मराठवाड्यातून हैदराबादला आलेल्या बौद्ध कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांची तिनं एक यादी केली होती. अंबरपेठ, नल्लकुंटा, थोडी तिकडे नामपल्लीच्या मागच्या गल्ल्यांतली. कुणी रेल्वेत होतं, कुणी इमारतींवर वाळू वाहिलेली, कुणी दवाखान्यांत आया. एकतीस नावं. नागोरावांचं धरून बारा खोडली गेली होती. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, आहे ना फोनमध्ये, मग झालं की. पण फोनमध्ये असून काय उपयोग, हे तिला रोज दिसत होतं. तिची स्वतःची मुलगी मराठी बोलायची, पण वाचायला दिलं की दुकानाची पाटीसुद्धा अक्षर अक्षर लावत बसायची. हे सगळं कुणीतरी नीट ऐकून लिहून काढायला हवं होतं, तेलुगूत आणि इंग्रजीत न्यायला हवं होतं, कुठंतरी जपून ठेवायला हवं होतं. ऑफिस आणि घर सांभाळून एकटीच्यानं ते होणारं नव्हतं. त्यासाठी माणसं लावावी लागणार होती.

सुरुवात तिनं जवळच्यांपासून केली होती. शहरातल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव. उदगीरकडची शेतकरी घराण्यातली माणसं, आता धान्याचा मोठा व्यापार. त्यांनी आदरानं बसवलं, चहा मागवला, तिची फाईल चाळली.

"काम चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. "पण मंडळ म्हणजे सगळ्या मराठी माणसांचं. एकाच समाजाचं काढलं की बाकीचे विचारतात. असं करू, स्मरणिकेत दोन पानं देऊ तुमच्या लोकांना. फोटोसकट."

"दोन पानांत एकतीस माणसं कशी बसतील, साहेब?"

"लहान फोटो घ्या," हिम्मतराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुठंही वाईटपणा नव्हता, म्हणून तर तिला उठून येता येईना. चहा संपवूनच ती बाहेर पडली.

त्यानंतर विद्यापीठातल्या एका विभागानं सांगितलं की संशोधकाकडे पदवी हवी. एका संस्थेनं सांगितलं की संस्था नोंदणीकृत हवी. एका ठिकाणाहून 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं पत्र आलं, त्यात तिचं नाव शालिनी असं पडलं होतं. कंपनीच्या ज्या अर्जापायी नागोराव हातचे गेले, त्याचं तर उत्तरही आलं नाही. आता एकच जागा उरली होती. बंगळुरूचं एक फाउंडेशन. त्यांच्या हैदराबादच्या कार्यालयातली भाग्यलक्ष्मी नावाची बाई तिच्याशी पहिल्यापासून नीट बोलायची.

भाग्यलक्ष्मी तेलुगू, शिवानीशी हिंदीत बोलायची. नागोरावांच्या बातमीनंतर आठवड्याभरानं तिचा फोन आला.

"मॅडम, तुमची फाईल शेवटच्या पाचांत आहे," ती म्हणाली. "कमिटीला एक नमुना हवा. तीन मिनिटांचा. तुम्ही पाठवलेलं मी सगळं ऐकलं, सोबतचं इंग्रजी वाचत. त्या केसरबाई फार छान बोलतात. पण त्या हसतातच जास्त. संपाचं सांगताना हसतात, बाळंतपणं सांगताना हसतात. कमिटीत पाच लोक असतात, दिवसभर ऐकून थकलेले. त्यांना लागेल असं काहीतरी द्या."

"लागेल म्हणजे?"

"तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते. मलाही हे बोलायला आवडत नाही. पण नियम माझे नाहीत."

शिवानीला कळत होतं. नको तेवढं कळत होतं, कारण तसं एक तिला माहीत होतं. शिवानीच्या आईनं, सावित्रीबाईंनी, जायच्या आधी शेवटच्या दुखण्यात तिला सांगितलं होतं की केसरची पहिली पोर तापानं मेली नाही. गल्लीत तसं सांगितलं गेलं, एवढंच. पुढचं सांगितलं नाही, आणि शिवानीनं विचारलं नाही. केसरबाईंच्या तासन्‌तास केलेल्या ध्वनिमुद्रणात त्या पोरीचं नावही नव्हतं.

शनिवारी दुपारी ती केसरबाईंकडे गेली. केसरबाईंचं वय पंच्याहत्तरच्या आसपास, नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं आया म्हणून काढलेली. मुलगा युवराज बसवर कंडक्टर, सून कामाला गेलेली. त्या उंबऱ्यात बसून अंबाडीची पानं खुडत होत्या.

"जय भीम, मावशी."

"जय भीम, ये माय. आज शनवारीच कशी?"

शिवानी बाजूला बसली, पानं खुडू लागली. फाउंडेशनचं सांगितलं, शेवटच्या पाचांचं सांगितलं. केसरबाई ऐकत होत्या. मग शिवानी म्हणाली, "मावशी, पहिल्या मुलीचं सांगाल?"

केसरबाईंचा हात थांबला नाही. दोन-तीन काड्या खुडून झाल्या.

"तुझ्या मायनं सांगितलं व्हय."

"पूर्ण नाही सांगितलं."

"मंग तेवढंच ऱ्हाऊ दे. नक्को ते."

शिवानीनं मान हलवली, आणि तिथून उठायचं असं तिनं ठरवलंही. पण उठवेना. नागोराव दाढी करून बसले होते, हे तिच्या तोंडून निघालं. मग खोडलेली नावं निघाली, लहान फोटो निघाले, शालिनी निघाली, आणि बोलता बोलता ती रडू लागली. रडणं खरं होतं. पण ते थांबवता आलं असतं, आणि आपण थांबवत नाही आहोत, हेही तिला त्याच वेळी कळत होतं.

केसरबाईंनी सूप बाजूला सारलं. लुगड्याला हात पुसले.

"लाव तुझा फोन," त्या म्हणाल्या. "युवराजच्या कानावर नक्को जायला."

"कमिटीतली पाच माणसं ऐकतील फक्त. बंगळुरूची."

"हौ."

त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरचा दुष्काळ. नांदेडकडून नवऱ्याबरोबर त्या आल्या, कडेवर वर्षाची पोर. नवरा खडी फोडायला शहराबाहेर, पंधरा पंधरा दिवस तिकडेच. त्यांना बाळंतिणींच्या एका दवाखान्यात रोजंदारीवर झाडलोट मिळाली. अंगावरचं दूध आटलं होतं. पोर दिवसरात्र रडायची, आवाज बसला तरी रडायची. तिला व्हरांड्यात झोळीत टाकून त्या फरशी पुसायच्या.

"कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई व्हती. वरंगलकडची. तिला मेलेलं लेकरू झालं व्हतं. छाती दुधानं दगडावानी झालेली, रडायची बिचारी. आन माझी पोर भायेर रडायची. म्या उचलली आन तिच्या वटीत घातली. कुणी सांगितलं न्हाई. तिनं घेतली. तीन दिस पाजली. मला तिची बोली येईना, तिला माझी. चौथ्या दिशी तिचा नवरा आला न्यायला. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्या झाडू घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. फरशी पुसून आले तवर खाट मोकळी."

"मालकाला काय सांगितलं?"

"ताप आला, गेली. गल्लीतबी तेच. एक तुझी माय तेवढी ओळखून व्हती."

मग त्यांनी सूप परत पुढ्यात ओढलं. शिवानीला वाटलं, झालं. ती फोनकडे हात नेणार तोच केसरबाई पुन्हा बोलल्या, आधीपेक्षा हळू.

"त्या राती म्या झोपले. महिन्यात पहिल्यांदा. सकाळी ऊन पायावर आलं तरी जाग न्हाई. उठले तर अंग कसं हलकं हलकं. हे तुझ्या मायलाबी सांगितलं न्हाई."

संमतीच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी चष्मा मागितला. सही दवाखान्यातच शिकल्या होत्या, पगारासाठी. प्रत्येक अक्षर वेगळं, ठळक.

शिवानीनं घरी येऊन त्यातली तीन मिनिटं काढली, खाली इंग्रजी ओळी टाकल्या आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पाठवून दिली. दहा मिनिटांत भाग्यलक्ष्मीचा फोन.

"मी डब्यावरून उठले मॅडम, जेवता आलं नाही. हे होणार बघा." मग म्हणाली, "फक्त एक. शेवटचं ते झोपेचं वाक्य काढाल का? खाट रिकामी झाली तिथंच संपू द्या. झोपेवर लोक अडकतील. आई अशी कशी झोपली, म्हणतील. उगाच त्यांच्याविषयी मत वाईट व्हायचं."

"पण त्या तसंच म्हणाल्या."

"मूळ तुमच्याकडे आहेच ना. हा नुसता नमुना."

शिवानीनं फोन ठेवला. समोर डबा उघडा होता, पोळी वाळत चालली होती. इतकं सगळं झाल्यावर एका वाक्यासाठी थांबायचं, हे तिला परवडणारं नव्हतं. जेवणाची सुट्टी संपायच्या आत तिनं ते वाक्य कापलं आणि पुन्हा पाठवलं. काम दोन मिनिटांचं होतं.

तीन आठवड्यांनी मंजुरी आल्याचं पत्र आलं. अजून करार व्हायचा होता, पण कमिटीनं होकार दिला होता. पत्र वाचता वाचता शिवानीनं एकाच पाकिटावर तीनदा शिक्का मारला. ऑफिसातल्या अनिलनं विचारलं, बरं नाही का. तिनं नुसती मान हलवली. संध्याकाळी पेढे घेऊन ती थेट केसरबाईंकडे गेली.

केसरबाईंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "काय पाठवलंस ते ऐकीव मला," त्या म्हणाल्या.

"ऐकायचं कशाला मावशी, तुम्हीच तर सांगितलंत."

"म्हणूनच."

शिवानीनं लावलं. केसरबाई कान फोनजवळ नेऊन, डोळे मिटून ऐकत होत्या. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. खाट मोकळी झाली, आणि संपलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुढचं यायची वाट बघत होत्या.

"झोपेचं कुठंय?"

शिवानीनं सांगितलं. भाग्यलक्ष्मी काय म्हणाली ते, आणि आपण काय केलं ते. लपवलं काही नाही.

"मत वाईट हुईल, म्हनले?"

"हो."

"मंग हू दे की." केसरबाईंनी पेढा कागदावर परत ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पन्नास वरसं झाली. दवाखान्यात वरंगलकडची कुणी आली की म्या तिचं तोंड बघायची, वय बघायची. ती जिती असंल तर कधी तरी, कुठं तरी ऐकंल. तिला वाटंल, माझी माय जलमभर रडत बसली. ते खोटं हाय. म्या तिला दिली, आन झोपले. रडले ते लई मागून, युवराज झाल्यावर. तिला खोटं नक्को सांगू माझ्या तोंडानं."

"मी बदलते, मावशी."

"मला रडून दावलंस, म्या दिलं. आता पुन्यांदा मागू नक्को."

ही दुसरी गोष्ट शिवानीला जास्त लागली. ती बसस्टॉपवर तीन बस सोडून देऊन नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाग्यलक्ष्मीला गाठलं. फोनवर नाही, त्यांच्या कार्यालयात जाऊन. भाग्यलक्ष्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"नमुना बदलला की फाईल परत कमिटीकडे जाते. म्हणजे पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी कमिटी वेगळी असेल. मॅडम, करार होऊ द्या. मग पूर्ण रेकॉर्डिंग तुम्ही हवं तिथं ठेवा. कोण विचारतंय?"

"रात्री तुमची वेबसाइट बघितली. हीच तीन मिनिटं तुम्ही तिथं लावणार ना?"

"ते लावावंच लागतं."

"मग लोक तेच ऐकतील."

"तुमच्या यादीत किती जण आहेत अजून?"

"एकोणीस," शिवानी म्हणाली. वर्षभरात त्यातले किती राहतील, हे दोघींनाही न बोलता समजत होतं. एकीकडे बाकीच्या अठरा माणसांचे आवाज, एकीकडे एका बाईचं एक वाक्य. तिनं हे गणित रात्रभर घातलं होतं आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच येत होतं, की करार करावा. तरी पाकिटातून पेन ड्राइव्ह काढून तिनं तो टेबलावर ठेवला. "हे पूर्ण आहे. झोपेसकट. जुनं काढून टाका."

भाग्यलक्ष्मीनं तो लगेच उचलला नाही. "विचार करा," ती म्हणाली. "मी संध्याकाळपर्यंत थांबते."

शिवानीनं विचार बदलला नाही. संध्याकाळी फाईल परत गेली. शुक्रवारी तसं दोन ओळींचं पत्रही आलं.

हे सांगायला ती केसरबाईंकडे गेली तेव्हा युवराज घरात होता. दुपारच्या पाळीला निघायचं म्हणून खाकी शर्ट चढवत होता. शिवानीनं आवाज खाली ठेवून केसरबाईंना तेवढंच सांगितलं: फाईल परत गेली, पुढच्या वर्षी बघू. केसरबाईंनी तिच्याकडे बघितलं. बरं केलंस असं काही त्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाच परक्या मानसांनी ऐकलं, आन घरच्यानं न्हाई. हे काय बराबर न्हाई. लाव फोन. पुरं लाव."

"आत्ता?"

"आत्ता. युवराज, हिकडं ये. ऐक."

युवराज एक बाही घातलेली, एक हातात, तसाच उभा राहून ऐकू लागला. आधी त्याला काही उमजलं नाही, कुणा दुसऱ्याची गोष्ट चालली आहे असं वाटलं असावं. मग तो आईकडे बघू लागला. झोपेचं आलं तेव्हा त्यानं मान वळवून दाराबाहेर बघितलं. गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं.

संपल्यावर तो शिवानीला म्हणाला, "हे तू काढून घेतलंस तिच्याकडून?"

"हो, दादा."

"कशासाठी? त्या फंडापायी?"

"हो."

"मिळाला?"

"नाही."

त्यानं दुसरी बाही घातली, बटणं लावली. "उद्यापासून येत जाऊ नको इकडं," तो म्हणाला. आईशी काही न बोलता तो बाहेर पडला. केसरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "जा तू," त्या म्हणाल्या. "तेचं तेला बघू दे."

पुढचे दिवस शिवानीला कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. ऑफिसातून घरी, घरातून ऑफिसात. यादी तिनं कपाटात घडी करून ठेवली आणि काढली नाही. नल्लकुंट्याच्या त्रिवेणीबाईंना ऐकू येईनासं झाल्याचं कळलं, तरी गेली नाही. एक नवा अर्ज कुणीतरी पाठवला होता, तोही तिनं उघडला नाही. पैसा नव्हता, फाईल नव्हती, आणि केसरबाईंच्या घराचं दार बंद होतं. दोन वर्षांत आपण एकाचं अर्धं ऐकलं आणि एकीचं ओरबाडून घेतलं, यापलीकडे तिला स्वतःविषयी काही सुचत नव्हतं.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी युवराजचा फोन आला. तो डेपोतून बोलत होता, मागं बसचे आवाज येत होते.

"आईनं बोलावलंय. रविवारी ये."

"दादा, मी..."

"सकाळी ये. मी सुट्टी घेतलीय." मग, फोन ठेवायच्या आधी, त्यानं विचारलं, "त्या वरंगलकडच्या बाईचं नाव तुझ्या मायला माहीत होतं का?"

"नाही. मला तरी काही बोलली नाही."

"आईपण म्हणते की माहीत नाही. पण ती खाट कितवी होती ते तिला आठवतं."

रविवारी शिवानी गेली. युवराजनं आईसाठी खुर्ची आणून ठेवली होती आणि स्वतः खाली बसला होता, हातात तिकिटांच्या कोऱ्या कागदाचं एक भेंडोळं आणि पेन घेऊन. महिना कोणता होता, डॉक्टर कोण होतं, ती बाई जाताना कुठल्या रंगाचं लुगडं नेसली होती, असं एकेक तो विचारत होता आणि कागद उलगडत उलगडत लिहीत होता. त्याचं मराठी अक्षर लहान मुलासारखं होतं, मधेच तेलुगू लिपीत जात होतं. केसरबाई आठवून आठवून सांगत होत्या. शिवानीकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. ती मोरीजवळच्या जागेत बसून फोन धरून होती, आणि त्या दिवशी एकही प्रश्न तिनं विचारला नाही.